जकात कशी काढावी आणि देताना मन कसे राखावे

मराठीत ‘जकात’ म्हटले की अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर शहराच्या वेशीवरचा नाका येतो: ट्रकांची रांग, पावतीसाठीची घासाघीस आणि मालाची खरी किंमत कागदावर उतरू नये म्हणून चाललेली धडपड. तो कर आता राहिलेला नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा मुंबईचे नाकेही बंद झाले. इथे बोलायचे आहे ते इस्लाममधल्या जकातीविषयी, म्हणजे ठरावीक मर्यादेइतकी संपत्ती असलेल्या मुसलमानाने दरवर्षी तिचा चाळिसावा भाग, अर्थात अडीच टक्के, गरजूंना देण्याच्या बंधनकारक दानाविषयी. नाक्यावरचा हा शब्द मुळात अरबीच आहे, पण त्या भाषेत त्याचा अर्थ शुद्ध होणे आणि वाढणे असा होतो, आणि अंतःकरण निर्मळ करण्याला जो ‘तजकिया’ म्हणतात तोही त्याच धातूतून आलेला आहे. कुरआनच्या सूरह (अध्याय) तौबातील १०३ व्या आयतीत (वचनात) पैगंबरांना आज्ञा आहे की लोकांच्या संपत्तीतून दान घ्या आणि त्या योगे त्यांना शुद्ध व निर्मळ करा. शुद्धी होते ती देणाऱ्याची; घेणाऱ्याची पात्रता मोजण्याचा अधिकार त्यामुळे देणाऱ्याकडे येत नाही.

असे असूनही आपल्यापैकी बरेच जण जकात नाक्यासारखीच भरतात. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात अंदाजे एक रक्कम ठरवायची, दारावर पावतीपुस्तक घेऊन आलेल्यांना ती वाटून टाकायची आणि एकदाचे सुटलो म्हणायचे, ही रीत इतकी रुळली आहे की तिच्यात काही चुकत असेल असे वाटतच नाही. माझे मत असे आहे की ही रीत दोन्ही टोकांनी उलटी आहे: जिथे काटेकोर असायला हवे त्या हिशेबात आपण ढिले असतो, आणि जिथे हात हलका असायला हवा त्या देण्यात आपण ताठ असतो.

पुढील माहिती सुन्नी परंपरेतील दोन मजहबांना, म्हणजे धर्मशास्त्राच्या हनफी व शाफई या शाखांना, धरून आहे. महाराष्ट्रातील बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी आहेत, तर रायगड, रत्नागिरी आणि आसपासच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान शाफई आहेत, आणि जकातीच्या बाबतीत हा फरक केवळ नावापुरता नाही. बोहरा, खोजा व इतर शिया पंथीयांचे नियम वेगळे असल्याने त्यांनी आपापल्या व्यवस्थेनुसार चालावे.

तारीख आणि वजन

पहिली गोष्ट म्हणजे स्वतःची तारीख शोधणे. जकातीचे वर्ष रमजानपासून सुरू होत नाही. ज्या दिवशी तुमची संपत्ती पहिल्यांदा निसाबाइतकी, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेइतकी झाली, त्या हिजरी (इस्लामी चांद्र कालगणनेतील) तारखेपासून ते सुरू होते. ती तारीख आठवत नसेल तर जुने पासबुक, दागिन्यांच्या पावत्या, लग्नाची तारीख यांच्या आधारे प्रामाणिक अंदाज करून एक तारीख कायमची ठरवावी. तुमची तारीख रजबमध्ये पडत असेल तर रमजानच्या सवाबासाठी (पुण्यासाठी) दोन महिने थांबणे योग्य नाही. उलट तारीख शव्वालमध्ये असेल तर रमजानमध्ये आगाऊ देता येते. चांद्रवर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. त्यामुळे ज्यांना व्यापाराच्या वहीसाठी ३१ मार्च धरण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांनी अडीच टक्क्यांऐवजी सुमारे २.५८ टक्के काढावे, म्हणजे अकरा दिवसांची कसर राहत नाही.

निसाबाच्या वजनात एक घोटाळा घरोघरी होतो. भारतातील हनफी परंपरेत सोन्याचा निसाब साडेसात तोळे आणि चांदीचा साडेबावन्न तोळे सांगितला जातो, आणि तो बरोबरच आहे. पण हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा आहे. आज सराफाच्या दुकानात तोळा म्हणजे दहा ग्रॅम. जुन्या तोळ्याने सोन्याचा निसाब ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचा ६१२.३६ ग्रॅम होतो. सराफी तोळ्याने मोजल्यास तो ७५ आणि ५२५ ग्रॅमवर येतो. तेव्हा तोळ्यांत बोलूच नये, ग्रॅममध्ये बोलावे. शाफई पुस्तकांत सोन्यासाठी साधारण ८५ ग्रॅम आणि चांदीसाठी ५९५ ग्रॅम हे आकडे आढळतात.

चांदी आणि सोने यांच्या भावांत आज इतके अंतर आहे की कोणता निसाब धरायचा हा प्रश्न साधा राहिलेला नाही. एखाद्याकडे फक्त सोनेच असेल, रोकड किंवा चांदी मुळीच नसेल, तर सोन्याचे वजन पाहावे. पण रोकड, थोडे सोने, थोडा व्यापारी माल असे मिश्रण असेल तर भारतातील हनफी उलेमा (धर्मपंडित) सामान्यतः चांदीचा निसाब धरायला सांगतात, कारण त्यात गरजूंचा फायदा आहे. त्यामुळे दोन तोळे सोने आणि बँकेत काही हजार रुपये असलेली व्यक्तीही बहुतेक वेळा जकात देणाऱ्यांतच मोडते, आणि हे अनेकांच्या गावीही नसते.

काय मोजावे, काय सोडावे

राहते घर, वापरातले वाहन, घरातील भांडीकुंडी, कारागिराची अवजारे, दुकानातील फर्निचर यांवर जकात नाही. रोकड, बँकेतील शिल्लक, मुदत ठेवी, विकण्यासाठी घेतलेला माल आणि परत मिळण्याची खात्री असलेली उसनवारी यांवर आहे. माल खरेदीच्या भावाने नव्हे, तर त्या दिवशी तो ज्या भावाने विकला जाईल त्या भावाने धरावा. विकण्याच्या हेतूने घेतलेला फ्लॅट पूर्ण किमतीने मोजला जातो. भाड्याने दिलेल्या फ्लॅटची किंमत मोजली जात नाही, मात्र शिल्लक राहिलेले भाडे मोजले जाते. बँकेचे व्याज हे जकातीत धरूही नये आणि जकात म्हणून देऊही नये. सवाबाची अपेक्षा न ठेवता ते वेगळे काढून गरजूंना देऊन टाकावे, असे बहुतेक उलेमा सांगतात.

भिशी हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. तुमचा नंबर अजून लागलेला नसेल तर आतापर्यंत भरलेले हप्ते हे तुमचे येणे आहे, म्हणून ते मोजावेत. नंबर लागून रक्कम उचलली असेल तर उरलेले हप्ते हे तुमचे देणे आहे. पगारातून सक्तीने कापला जाणारा भविष्य निर्वाह निधी हाती येईपर्यंत मोजावा लागत नाही, असे अनेक हनफी मुफ्तींचे, म्हणजे धार्मिक प्रश्नांवर निर्णय देणाऱ्या पंडितांचे, मत आहे.

दागिन्यांबाबत दोन्ही मजहब सरळ वेगळे बोलतात. हनफी मतानुसार स्त्रीच्या अंगावरचे, रोज वापरातले सोनेसुद्धा जकातपात्र आहे. शाफई मतानुसार स्त्रीने वापरासाठी ठेवलेल्या, वाजवी प्रमाणातील दागिन्यांवर जकात नाही. मात्र नाणी, बिस्किटे आणि गुंतवणूक म्हणून कपाटात ठेवलेले दागिने यांना ही सूट नाही. हनफी घरात शाफई सूट आणि शाफई घरात हनफी वजावट असा सोयीचा मजहब कोणी करू नये, कारण कर्जाच्या बाबतीत पारडे उलटते: हनफी हिशेबात देणे वजा होते, शाफईंच्या प्रबळ मतानुसार ते वजा होत नाही. घरासाठी घेतलेल्या वीस वर्षांच्या कर्जाची पूर्ण रक्कम वजा करून जकात शून्यावर आणण्याची युक्ती तर हनफी मुफ्तींनाही मान्य नाही. त्यांच्यापैकी अनेक जण फार तर येत्या वर्षभराचे हप्ते वजा करू देतात.

सोन्याची किंमत घडणावळ व खडे वगळून, ज्या कॅरटचे सोने आहे त्या कॅरटच्या त्या दिवसाच्या भावाने धरावी. आणि एक विसरू नये: इस्लामी कायद्यात नवऱ्याची व बायकोची मालमत्ता वेगळी असते. मेहरचे, म्हणजे निकाहात पतीने पत्नीला दिलेले, सोने पत्नीचे आहे, त्यावरची जकातही तिचीच जबाबदारी आहे. पतीने तिच्या संमतीने ती भरली तर उत्तम, पण दोघांचे मिळून एकच गाठोडे करून हिशेब मांडणे चूक आहे.

उदाहरणादाखल एका हनफी दुकानदाराचा हिशेब मांडतो. गल्ल्यात १२,०००, बँकेत १,८०,०००, दुकानातील मालाची विक्री किंमत २,००,००० आणि मित्राकडून येणे ४०,००० रुपये, एकूण ४,३२,०००. घाऊक व्यापाऱ्याचे तातडीचे देणे ६२,००० वजा जाता ३,७०,००० उरतात. टक्केवारीच्या भानगडीत न पडता चाळिसाने भागावे: ९,२५० रुपये. यातील एक रुपया वर्षाच्या शेवटी आला असला तरी हनफी मतानुसार तोही मोजला जातो. वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस निसाब पूर्ण असणे पुरेसे आहे. शाफई मतात नव्या रकमेचे वर्ष ती हाती आली तेव्हापासून वेगळे धरता येते, पण पगारदार माणसाने बारा तारखा सांभाळण्यापेक्षा सगळे एकाच तारखेला देऊन टाकावे.

शेतीचे गणित निराळे आहे: पावसावर आलेल्या पिकाचा दहावा आणि पाणी देऊन घेतलेल्या पिकाचा विसावा भाग. कोकणातील शाफई शेतकऱ्याला भातावर, निसाब भरल्यास, हे लागू होते. हापूसवर मात्र नाही, कारण शाफई मतात फळांपैकी फक्त खजूर आणि द्राक्षेच या नियमात येतात. अर्थात आंब्याचे पैसे वर्षभर शिल्लक राहिले की ते इतर रोकडीसारखेच मोजले जातात, त्यामुळे बागायतदाराने फार निश्चिंत राहू नये.

कोणाला द्यावी

सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत आठ हक्कदार सांगितले आहेत: फकीर, मिस्कीन, जकात गोळा करणारे, ज्यांची मने जोडायची आहेत ते, गुलामीतून सुटू पाहणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातील आणि वाटेत अडकलेले प्रवासी. आज व्यवहारात सर्वांत जास्त आढळतात ते गरीब आणि कर्जबाजारी. आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे आणि पतीने पत्नी यांना जकात देता येत नाही, कारण त्यांचा सांभाळ हे तुमचे कर्तव्यच आहे. पण गरजू भाऊ, बहीण, आत्या, मावशी, चुलत भाऊ यांना देता येते, आणि हदीसनुसार (पैगंबरांच्या वचनांनुसार) नातलगाला दिल्याने दानाचे आणि नाते राखल्याचे असे दुहेरी पुण्य मिळते. असे असताना घरातील विधवा आत्याला वगळून परगावच्या अनोळखी माणसाला पावतीवर पैसे देणे मला नेहमीच विचित्र वाटत आले आहे. आत्याला दिले की पावती मिळत नाही आणि नाव होत नाही, हे त्याचे कारण तर नसेल?

हनफी मतात जकातीच्या रकमेची मालकी गरजूच्या हाती गेली पाहिजे. म्हणून मशिदीचे बांधकाम, रंगरंगोटी, कबरस्तानची भिंत यांसाठी ती चालत नाही. तेथे लिल्लाह, म्हणजे ऐच्छिक दानाची रक्कम द्यावी. मदरशाला देताना ‘ही जकातीची रक्कम आहे’ हे स्पष्ट सांगून ती गरीब विद्यार्थ्यांपर्यंतच पोहोचेल याची खात्री करून घ्यावी. बहुसंख्य फकीहांच्या (धर्मशास्त्रज्ञांच्या) मते जकात मुस्लिम गरजूंनाच द्यायची असते, पण ऐच्छिक सदका कोणत्याही धर्माच्या माणसाला देता येतो, आणि शेजारी उपाशी असताना स्वतः पोटभर जेवणारा खरा श्रद्धावान नव्हे, असे पैगंबरांनी सांगितले तेव्हा शेजाऱ्याचा धर्म विचारायला सांगितलेले नाही.

ईदचा फितरा, म्हणजे रमजान संपताना द्यायचे दान, या हिशेबापासून वेगळा आहे. तो माणशी असतो आणि ईदच्या नमाजापूर्वी द्यायचा असतो. शाफई घरात माणशी एक साअ, म्हणजे साधारण अडीच ते तीन किलो, जे धान्य रोज शिजते ते द्यावे, कोकणात अर्थातच तांदूळ; हनफींना त्याऐवजी गहू, जव, खजूर किंवा मनुका यांच्या ठरलेल्या मापाची रोख किंमतही देता येते. ऐपत असलेल्यांनी दरवर्षी गव्हाचाच, सर्वांत स्वस्त दर का धरावा, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

देताना

येथपर्यंतचे काम वही-पेन्सिलीने होते. यापुढचे होत नाही.

दानाने पुण्य मिळते तसे ते नष्टही होते, आणि कशाने नष्ट होते हे सूरह बकराच्या २६४ व्या आयतीत स्पष्ट आहे: उपकार बोलून दाखवल्याने आणि दुखावल्याने. तेथे दिलेला दृष्टान्त रत्नागिरीच्या सड्यावर वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. गुळगुळीत कातळावर मातीचा पातळ थर आहे, दिसायला जमीनच, मुसळधार पाऊस येतो आणि कातळ उघडा पडतो. त्याआधीच्याच आयतीत म्हटले आहे की ज्या दानामागून दुखावणे येते त्यापेक्षा गोड शब्द आणि क्षमा बरी. म्हणजे देता येत नसेल तर नीट बोलून नकार द्यावा, पण देऊन वर ‘मागच्या वर्षीही तुम्हालाच दिले होते’ असे ऐकवू नये.

घेणाऱ्याला ही रक्कम जकातीची आहे असे सांगण्याची गरज नसते. नियत (हेतू) देणाऱ्याच्या मनात असली की पुरे. हे फार थोड्यांना माहीत असते, आणि माहीत झाले की देण्याची सारी पद्धतच बदलते. लाजाळू नातलगाला ती ईदी म्हणून, मुलांच्या वह्यापुस्तकांसाठीची भेट म्हणून देता येते. फक्त मालकी त्याच्या हाती गेली पाहिजे आणि परतफेडीची अपेक्षा नसली पाहिजे. रमजानच्या किटचे वाटप करताना रांगेतल्या बाईच्या हातात पिशवी देऊन छायाचित्र काढण्याची जी पद्धत पडली आहे, ती तर बंदच व्हायला हवी. संस्थेला हिशेबासाठी पुरावा लागतो हे मान्य. त्यासाठी पिशव्यांचे छायाचित्र काढावे, माणसांचे नव्हे.

कुरआनने उघड दानाला नावे ठेवलेली नाहीत. ते चांगले आणि गुप्त दान अधिक चांगले, असे सूरह बकराच्या २७१ व्या आयतीत सांगितले आहे. कयामतच्या दिवशी अल्लाहच्या सावलीत असणाऱ्या सातांमध्ये उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू न देणारा एक आहे. पैगंबरांचे नातू इमाम हुसैन यांचे पुत्र झैनुल आबिदीन यांच्याविषयी परंपरेत सांगितले जाते की मदिनेतील कितीतरी घरांना रात्री दारात अन्न मिळत असे आणि ते कोण ठेवतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांचे निधन झाले तेव्हा ते अन्न यायचे थांबले, आणि अंघोळ घालताना पाठीवर पोत्यांचे घट्टे दिसले.

वस्तू द्यायची असेल तर कोणती द्यावी, यासाठीही एक कसोटी दिलेली आहे. स्वतःला मिळाली असती तर डोळे मिटूनच घेतली असती, अशी वस्तू देऊ नका, असे त्याच सूरहच्या २६७ व्या आयतीत म्हटले आहे. कपाट रिकामे करायला काढलेले विटके कपडे ‘गरिबांना देऊन टाकू’ म्हणण्यापूर्वी ही आयत आठवावी.

पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांविषयी सांगतात की त्या कोणाला काही पाठवत तेव्हा निरोप्याला बजावत की तिकडून जी दुआ दिली जाईल ती नीट ऐकून ये; मग तीच दुआ त्या त्यांना परत करत, म्हणजे दिलेल्या दानाचा मोबदला दुआच्या रूपानेही आपल्याकडे राहू नये. सूरह इन्सानमध्ये अन्न देणाऱ्यांच्या तोंडी वाक्य आहे की आम्हाला तुमच्याकडून ना मोबदला हवा, ना आभार. आपण ‘आमच्यासाठी दुआ करा’ असे सहज म्हणतो. ते वाईट आहे असे नाही, पण पैसे हातावर ठेवतानाच ते म्हणू नये.

मनाची तपासणी

दिखावा, म्हणजे ‘रिया’, देतेवेळी कळतो. अहंकार मात्र नंतर कळतो. इ. स. ११११ मध्ये तूस येथे निवर्तलेले धर्मपंडित इमाम ग़ज़ाली यांनी यासाठी एक तपासणी सुचवली आहे आणि ती विलक्षण अचूक आहे. समजा, तुम्ही ज्याला दान दिले त्याने तुमचे काही वाकडे केले किंवा तुमच्या विरोधकाची बाजू घेतली. दान देण्याआधी त्याने असे केले असते तर जितका राग आला असता त्यापेक्षा आता जास्त आला का? जितका जास्त, तितके तुम्ही त्याच्याकडून काही तरी येणे समजत होता. कृतघ्न म्हणण्यासाठी आधी आपण उपकार केला असे वाटावे लागते. आणि ग़ज़ालींच्या मते उपकार तर घेणाऱ्याने केलेला असतो, कारण त्याने हात पुढे केला नसता तर तुमची संपत्ती शुद्ध झालीच नसती.

याचा सर्वांत कठीण दाखला हजरत आयशांचे वडील हजरत अबू बक्र यांचा आहे. मिस्तह हे त्यांचे गरीब नातलग. त्यांचा खर्च अबू बक्र चालवत. हजरत आयशांवर खोटा आळ घेतला गेला तेव्हा तो पसरवणाऱ्यांत मिस्तहही सामील झाले. ज्याला पोसले त्याने मुलीच्या अब्रूला हात घातला. आयशांची निर्दोषता ‘वही’ने, म्हणजे पैगंबरांना आलेल्या ईश्वरी संदेशाने, सिद्ध झाल्यावर अबू बक्र यांनी शपथ घेतली की यापुढे मिस्तहला काहीही देणार नाही. त्यावर सूरह नूरची २२ वी आयत उतरली: संपन्न लोकांनी नातलगांना आणि गरजूंना न देण्याची शपथ घेऊ नये, त्यांनी क्षमा करावी, अल्लाहने तुम्हाला क्षमा करावी असे तुम्हाला वाटत नाही काय? अबू बक्र म्हणाले, का नाही वाटणार. आणि मिस्तह यांचा खर्च पुन्हा सुरू केला. हिशेब चुकता करण्याचा इतका सबळ अधिकार असताना तो सोडण्यास सांगितले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे सख्ख्या भावाशी जमिनीच्या वादातून बोलणे टाकल्यामुळे त्याची जकात थांबवणाऱ्याला स्वतःचे कारण पुन्हा तपासावेसे वाटेल.

म्हणून वर्षातून एकदाच्या जकातीला रोजच्या छोट्या सदक्याची जोड द्यावी. रक्कम इतकी लहान असावी की ती देताना मोठेपणा वाटूच नये: फजरच्या (पहाटेच्या) नमाजानंतर डब्यात पाच-दहा रुपये टाकावेत आणि महिनाअखेर डबा रिकामा करावा. अल्लाहला सर्वांत प्रिय तेच काम, जे थोडे असले तरी नित्य केले जाते, अशी हदीस आहे. ज्यांच्याकडे तेवढेही नाही त्यांच्यासाठी अर्धा खजूर, आणि तोही नसेल तर चांगला शब्द, हा सदकाच आहे. कुरआनात नमाज आणि जकात पुन्हा पुन्हा जोडीने येतात. नमाजात माणूस कपाळ जमिनीला टेकवतो. देण्याची सवय त्याच क्षणाला लागून ठेवली तर देणारा हात फार वर राहत नाही.

जकात देऊन झाल्यावर त्याच रात्री थोडा वेळ इस्तिगफार (अल्लाहकडे क्षमायाचना) करावा, कारण हिशेबात काही राहून गेले असेल आणि देताना चेहऱ्यावर काही उमटले असेल. कोणाला किती दिले ते वहीत लिहून ठेवावे, पुढच्या वर्षी विसर पडू नये एवढ्यासाठीच, आणि ती वही घरातल्या इतरांच्या हाती पडणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. शेवटच्या पानावर पुढच्या वर्षाची हिजरी तारीख लिहावी.